ठाणेदार, जिलबी आणि घाटाखालची आखाजी

शुद्धलेखनाची माफी आधीच मागते. माझं शिक्षण चौथी. माहेरच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती, पाचवी दुसऱ्या गावात होती आणि म्हैस घरी होती, म्हणून मी म्हशीकडे राहिले. वेलांटी पहिली की दुसरी हे मला अजून कळत नाही, हाताला येईल ती देते. अक्षरही तिरपं आहे. दोर वळून वळून बोटं जाड झालीत, त्यांत पेन ठरत नाही. ही वही कुणाला दाखवायची नाही. पण चुकून कुणाच्या हाती लागली तर अक्षराला खुशाल हसा, लिहिलेल्याला हसू नका.

आम्ही जानेफळचे. आमचे हे मालाचा तीनचाकी ऑटो चालवतात. मी बैलांचे कासरे वळते आणि मठाट्या (पोळ्याला बैलाच्या कपाळावर बांधायचे गोंड्यांचे पट्टे) करते. बापाकडून शिकले. घरात दोन कुत्री आहेत. ठाणेदार काळा, छातीवर पांढरा पट्टा. दारात असा बसतो की टपालवाला लांबूनच हाक मारतो. जिलबी तांबूस, तिची शेपटी गोल वळलेली, म्हणून जिलबी. स्वभावानेही ती सरळ नाही.

लेकरू आम्हाला झालं नाही. लोक म्हणतात, कुत्र्यांना लेकरांसारखं ठेवलंय. खोटं आहे. कुत्र्यांना कुत्र्यांसारखंच ठेवलंय, फक्त चांगलं ठेवलंय.

यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) संग्रामपूरला जायचं ठरलं. तिथे माझी मोठी नणंद राहते, तिला आम्ही अक्का म्हणतो. तिची सासू हिवाळ्यात वारली. पहिल्या आखाजीला पित्तर जेवू घालायचे, तेव्हा जवळच्या माणसांनी जावं लागतं. मला जायचं नव्हतं. कारण सांगते. ऑटो घेताना नंदोयांनी, म्हणजे अक्काच्या मालकांनी, तीस हजार दिले होते. चौदा फेडले, सोळा राहिले. ते पैसे मागत नव्हते. पण न मागता आठवण कशी द्यायची, हे त्यांना बरोबर जमतं.

कुत्र्यांना घरी ठेवायची सोय नव्हती. मागच्या वेळी शेजारच्या कासाबाईने ठेवून घेतली होती, तर जिलबीने तिच्या खाटेवर वाळत घातलेल्या कुरडया खाल्ल्या आणि रिकाम्या खाटेवर झोपून गेली. या वेळी कासाबाईने मला बघून दारच लावलं. बाकी कुत्र्यांना कुणी विचारलं नव्हतं, पण सकाळी ऑटोत सगळ्यांत आधी तीच चढून बसली.

उजाडताना निघालो. मागे कुत्री, पोत्यावर माझं गाठोडं आणि पाण्याचे चार डबे. पाणी कशाला? आमच्या जिल्ह्यात माणसाला नाव विचारायच्या आधी विचारतात, घाटावरचे का घाटाखालचे? आम्ही घाटावरचे. आमचं पाणी गोड. घाट उतरून पूर्णेकडे गेलं की विहिरींचं पाणी खारं लागतं आणि त्यात पुरणाची डाळ शिजत नाही.

"घाटाखाली डाय शिजत नाई, पन मान्सं लवकर शिजतात," हे म्हणाले. घर सोडल्यावरचं त्यांचं हे पहिलं वाक्य. आमच्या ह्यांच्यापेक्षा त्यांचा हॉर्न जास्त बोलतो.

घाटाच्या तोंडाशी ऑटो थांबवला. खाली सगळी सपाट काळी जमीन, नांगरून पडलेली, आणि तिच्यावर धुरासारखं ऊन. मी वीस वर्षांत हा घाट पाच-सहा वेळा उतरले असेन, पण दर वेळी बसमध्ये मधल्या सीटवर. समोर बसून पहिल्यांदाच उतरले. दांडी घट्ट धरली ती वळणांमुळे, असं मी ह्यांना सांगितलं.

खामगावच्या अलीकडे नाक्यावर पोलिसांनी हात केला. गाडी थांबली तसा ठाणेदार फळीवर पुढचे पाय टाकून भुंकायला लागला. मी मागे वळून ओरडले, "ठानेदार, बस खाली! लय अंगात आली का बे?"

पुढे बघते तर खांद्यावर चांदण्या असलेला साहेब उभा. "कोनाले म्हनून राह्यल्या, बाई?"

मला चारचौघांत शब्द फुटत नाही. पदर तोंडात धरला. हे म्हणाले, "साहेब, कुत्र्याले."

"कुत्र्याचं नाव ठानेदार? काऊन?"

ह्यांच्या कपाळावर घाम. "साहेब, तो आल्यापासून आमच्या गल्लीत चोरी नाई झाली."

साहेबाने ठाणेदाराकडे नीट पाहिलं. मग जिलबीकडे. "अन् हे?"

"हे जिलबी."

"हे काय करते?"

"चोऱ्या."

साहेब इतका हसला की टोपी काढावी लागली. कागद न बघताच आम्हाला सोडलं.

शेगावला कचोरीसाठी थांबलो. गरम कचोरी, वर तळलेली मिरची. बाजूला एक धोतरवाले बाबा कागदात कचोरी धरून फुंकर मारत होते. त्यांनी तिसरी फुंकर मारली तेव्हा कागदात कचोरी नव्हती. जिलबी ऑटोखाली तोंड चाटत बसली होती. मी माझी कचोरी त्यांच्या हातात दिली. बाबांनी ती बघितली, जिलबीला बघितलं आणि म्हणाले, "मिरची बी द्या मंग." दिली. पुढचा सगळा रस्ता मी उपाशी आणि जिलबी ढेकर देत, असा गेला.

पूर्णेचा पूल ओलांडला आणि समोर सातपुडा दिसायला लागला. आधी वाटलं ढग आहेत. मग ते ढग हलेनात, तेव्हा कळलं. संग्रामपूर येईपर्यंत त्यांचा रंग निळ्याचा मातकट झाला.

अक्का दारातच होती. "आली का व सुमन? वाळली किती! अन् हे काय, वऱ्हाड संगं आनलं?"

"घरी कोनी ठिवून नाई घेतलं, अक्का."

"कसं घेईन? माह्याघरी फोन आल्ता कासाबाईचा, कुरडयाइचा." अक्का हसली. ती मनाने वाईट नाही. तिच्या हातचा चहा प्यायले, खारट लागला. दुसरा कप मागितला, कारण प्रवासाने घसा सुकला होता आणि कारण ती वाट बघत होती.

नंदोई बाहेरून आले. ह्यांच्या पाठीवर थाप मारली. "आले का बुवा? आपल्याच गाडीत आले ना? कशी चालते आपली गाडी?"

'आपली' या शब्दावर ते जरा थांबतात. दर वेळी. ऐकणाऱ्या चार माणसांनी मग विचारावं, आपली म्हणजे कशी? आणि त्यांनी हात हलवून म्हणावं, जाऊ द्या, घरातलीच गोष्ट हाय. ह्यांनी मान खाली घातली. तीसुद्धा दर वेळी.

मग नंदोयांची नजर ठाणेदारावर गेली. त्यांची संत्र्याची बाग डोंगराच्या बाजूला आहे आणि तिथे रानडुकरं येतात. त्यांनी ठाणेदाराचा जबडा चाचपला, पंजे उचलून पाहिले, जसं बाजारात बैल बघतात. "हा कुत्रा नाई, शिपाई हाय," ते म्हणाले. मला ते बोलणं आवडलं नाही. पण तेव्हा नुसतं आवडलं नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी आखाजी. पाटावर करा-केळी (पितरांच्या नावाने पाणी भरून पुजायची मातीची भांडी) मांडली. पुरणाची डाळ आमच्या डब्यांतल्या पाण्यात एका उकळीत शिजली, तेव्हा मी सगळ्या बायांकडे एकदा बघून घेतलं. आंब्याचा रस, कढी, वडे, कुरडया, सांजोऱ्या. माझ्याकडे पोळ्या लाटायचं काम आलं.

पूजा झाली. बुढीच्या, म्हणजे अक्काच्या सासूच्या, नावाचं पान घराच्या टिनावर (पत्र्याच्या छपरावर) ठेवलं आणि सगळे अंगणात कावळ्याची वाट बघत बसले. कावळा होता. समोरच्या निंबावर बसून तो पानाकडे बघत होता. खाली येत नव्हता.

अर्धा तास गेला. पाहुण्यांची पोटं वाजायला लागली. नंदोई हात जोडून म्हणाले, "माय, तुह्या नावानं दरसाल पंगत देतो." कावळा हलला नाही. "माय, लहान्या भावाची वाटनी या साली करून देतो." कावळ्याने चोच पंखात घातली. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "वाटनीची तारीख सांगा म्हनते माय." हशा झाला. नंदोई लाल झाले.

"कुत्र्यायले भिऊन राह्यला तो!" ते ओरडले. "आधी कुत्रे बांधा!"

हे बरोबर होतं. मी स्वतः दोघांना खाटेच्या पायाला बांधलं, मी वळलेल्या कासऱ्याने. त्या कासऱ्याने बैल धरतो. पण बैल कासरा चावत नाही, हे माझ्या लक्षात आलं नाही. हीच माझी चूक. जन्मभर बैलांसाठी दोर वळला, दातवाल्यांचा विचार कधी केला नव्हता.

जिलबीने तो किती वेळात तोडला ते कुणी पाहिलं नाही. पाहिलं ते हे की कडब्याच्या गंजीवरून काहीतरी तांबूस चढलं आणि टिनावर टणटण पावलं वाजली. सगळ्या माना वर झाल्या. जिलबीने आधी वडा खाल्ला. मग पुरणपोळी. मग रस चाटला, सावकाश, द्रोण सांडू न देता. मग टिनाच्या कडेला येऊन आम्हा सगळ्यांकडे बघत शेपूट हलवायला लागली.

मला वाटलं, आता धरणी फाटावी. तेवढ्यात बुढीची जुनी मैत्रीण, शेजारची गोदामावशी, काठीवर जोर देऊन उठली. "बसा जेवाले," ती म्हणाली. "पित्तरात कुत्र्याचाबी घास असते. आधी का मंग, एवढाच फरक."

पुन्हा हशा, आणि या वेळी कुणाला आवरेना. पानं वाढली. पण नंदोई हसले नाहीत.

जेवणं झाल्यावर पुरुष मंडळी अंगणात सुपारी कातरत बसली होती. मी रसाचं पातेलं घेऊन दारात आले तेव्हा नंदोई ह्यांना सांगत होते, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "बुवा, झालं ते झालं. आपन घरातले हावोत. ठानेदार बागेत राहू द्या. तुमचे सोया हजार माफ. आताच वही फाडतो."

सगळे म्हणाले, वा! कुत्र्याचे सोळा हजार कोण देतो? कुणी म्हणालं, सुटले बुवा तुम्ही. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे काडीने जमिनीवर रेघा ओढत होते. एक रेघ, दोन रेघा. 'नाही' हा दोन अक्षरांचा शब्द आहे, मीसुद्धा तो पहिलीत शिकले होते. तो त्यांच्या तोंडून येईना. ठाणेदार खाटेजवळ बसून ह्यांच्याकडेच बघत होता.

मग तो शब्द माझ्या तोंडून आला. पातेलं हातात तसंच.

"नाई. कुत्रा राह्यनार नाई."

सगळे वळले. वीस वर्षांत त्या अंगणात माझा आवाज कुणी ऐकला नव्हता. मीही नव्हता. तो मला वाटला होता त्यापेक्षा जाड निघाला.

"भाऊजी, पान खाल्लं जिलबीनं, अन् शिक्षा ठानेदाराले काऊन?"

"शिक्षा नाई वो," नंदोई म्हणाले, "म्या तं माफी देऊन राह्यलो."

"माफी मांगितली कोनं? पैसे घेतले, पैसे देऊ. पोया झाला की पैसे भेटतीन."

"कोठून?"

"माह्या हातातून."

आता नंदोई हसले, दिवसभरात पहिल्यांदा. "मठाट्या इकून? अवो, बैल राह्यले कुठी? आता काय ट्रॅक्टरले मठाटी बांधसान?"

अंगणभर हशा झाला. मी पातेलं खाली ठेवलं. हात पदराला पुसले. म्हटलं, "बांधीन." तेवढं पुरलं.

त्याच संध्याकाळी आम्ही निघालो नाही, कारण तसं निघणं म्हणजे पळणं झालं असतं. मी मुद्दाम दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत राहिले. अक्काच्या सोबत भांडी घासली. तिने हळूच मला म्हटलं, "बरं बोलली व. पन ह्यायच्या पुढं मले सांगू नको, म्या बरं म्हनलं म्हनून." निघताना तिने पिशवीत सांजोऱ्या घातल्या.

परतीच्या वाटेवर मी ह्यांच्याशी बोलले नाही. शेगाव गेलं, खामगाव गेलं. कचोरी घेऊ का, त्यांनी विचारलं. मी रस्त्याकडे बघत राहिले. घाट चढून वर आल्यावर त्यांनी ऑटो बाजूला घेतला आणि इंजिन बंद केलं.

"माह्यानं बोलनं झालं नाई," ते म्हणाले.

"दिसलं."

"मले वाटलं, सोया हजार एका शब्दात सुटते. एक घडी वाटलं. खोटं काऊन सांगू?"

"मंग?"

"मंग त्यानं माह्याकडं पाह्यलं." त्यांनी मागे हात करून ठाणेदाराचं डोकं चोळलं. "तू बोलली नसती तं म्या काय केलं असतं, मले मालूम नाई."

हे ऐकून मला राग यायला हवा होता. आलाही. पण वीस वर्षांत ते एका दमात इतकं कधी बोलले नव्हते, आणि खरं बोलले होते. वर गार वारा होता. सांजोऱ्यांची पिशवी उघडली तर ती रिकामी होती. जिलबी दुसरीकडे बघत होती. तेव्हा मी हसले, पण ह्यांना माफ करायला मला आणखी पंधरा दिवस लागले. तेही लिहून ठेवते.

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते हे, की आमच्याच ऑटोच्या काचेच्या मापाची एक मठाटी केली. दोन हात रुंद, लाल-पिवळी लोकर, मधे आरसे, खाली गोंडे. गल्लीतली माणसं हसली. आठ दिवसांनी त्याच हसणाऱ्यांतला एक ट्रॅक्टरवाला आला. "वहिनी, बोनटवर बसंन अशी होईन का? पोयाले ट्रॅक्टर उभा करतो बैलायच्या तोरनात, तं नंगा दिसते." मी दोरीने त्याच्या ट्रॅक्टरचं माप घेतलं. बैलाचं कपाळ वीतभर, ट्रॅक्टरचं चार हात. लोकर जास्त लागते, पण ट्रॅक्टर मान हलवत नाही आणि चावतही नाही.

पावसाळाभर तेच काम. हे रात्रीच्या जेवणानंतर गोंडे कातरायला बसत. त्यांचे गोंडे वाकडे होत, ते मी न बोलता पुन्हा कातरत असे. जिलबीने लोकरीचे तीन गुंडे गावभर फिरवून आणले. एक तर पाटलाच्या शेवग्याला गुंडाळून ठेवला.

पोळ्याच्या आधी मेहकरला, मग लोणारला बाजारात बसलो. लोणारला माल दुपारीच संपला, म्हणून हे म्हणाले, सरोवर पाहू. इतक्या जवळ राहून मी ते कधी पाहिलं नव्हतं. काठावर उभी राहिले. एवढा मोठा गोल खड्डा, सगळीकडून झाडी आणि तळाशी हिरवं पाणी. आकाशातून दगड पडला म्हणतात. मला वाटलं, पडणाऱ्याने जागा केली, बस. त्याने कुणाला विचारलं नाही.

पोळा झाला. पाचव्या दिवशी मी एसटीने एकटी संग्रामपूरला गेले. हे येतो म्हणाले, मी नको म्हटलं. एकटीने घाट उतरायची ही पहिली वेळ. खिडकीची जागा मिळाली. मठाट्यांचे सोळा हजार पोलक्याच्या आत रुमालात, आणि हात सगळा रस्ताभर त्यावर.

नंदोई ओसरीवर होते. मी रुमाल सोडून नोटा त्यांच्यासमोर ठेवल्या. त्यांनी त्या उचलल्या. एकदा मोजल्या, पुन्हा मोजल्या. मग वरची पाचशेची नोट माझ्याकडे सरकवली. "हे तुमाले लुगड्याले. एवढ्या लांबून आल्या."

"लुगडं मले अक्का घेईन. हे मोजलेल्यातच राहू द्या."

अक्का दाराआड उभी होती. ती खोकली, पण तो खोकला नव्हता.

"वही आना, भाऊजी," मी म्हटलं.

त्यांनी वही आणली, आमच्या नावाचं पान काढलं, तारीख घातली आणि लिहिलं, 'सोळा हजार मिळाले.' वही मिटायला लागले. मी वहीवर हात ठेवला.

"पूर्ण लिहा."

"लिवलं ना, मियाले म्हनून."

"पूर्ण मिळाले, असं लिहा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पेन पुन्हा उघडलं. मी वाकून एकेक अक्षर वाचलं. मग दुसऱ्यांदा वाचलं. मग हात उचलला.